मेश्राम काकांची उलटी खिडकी

मेश्राम काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही, भिंत वाजवली. दाराशेजारच्या भिंतीवर बोटाचं पेर दोनदा आपटलं, कान लावला, थोडं डावीकडे सरकून पुन्हा आपटलं. अमेरिकेत येऊन मला जेमतेम आठवडा झालेला. नवरा ऑफिसात, मी एकटी घरात, आणि बाहेर टक्कल पडलेला, मरून स्वेटर घातलेला एक गृहस्थ आमच्या भिंतीला कान लावून उभा. दाराच्या भिंगातून मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग, माणूस आपल्याकडचाच दिसतोय, एवढ्या एका आधारावर दार उघडलं.

"पुठ्ठा आहे बाप्पा," ते म्हणाले. "नुसता पुठ्ठा. जय भीम. मी मेश्राम. तीन नंबरच्या बिल्डिंगमधला."

माझी आणि काकांची ओळख झाली ती अशी. नव्वदीच्या दशकातलं, न्यू जर्सीतलं पार्सिपनी. जगभरची कॉम्प्युटरं सन दोन हजार उजाडताच बंद पडणार अशी हवा होती आणि ती पडू नयेत म्हणून जी मंडळी विमानं भरभरून अमेरिकेत आणली गेली त्यात माझा नवरा संदीप होता. मी त्याच्या मागोमाग, डिपेंडंट व्हिसावर. औरंगाबादला कॉलेजात मी बॉटनी शिकवत होते; इथे नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून खिडकीतून पार्किंग लॉटमधल्या झाडांची शास्त्रीय नावं आठवत बसायचे. अशा अवस्थेत माणसाला कुणीही चालतं. मला मेश्राम काका मिळाले.

काका नागपूरचे. इथे येऊन वीसेक वर्षं झालेली. पेशा पूल तपासण्याचा. हायवेवरून आपण ज्या पुलांवरून भुर्रकन निघून जातो त्यांच्या पोटाखाली काका हातोडी घेऊन तासन्‌तास उभे असत. ठोकून पाहायचं आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं, ही सवय त्यांना त्या कामानं लागली आणि ती कामापुरती राहिली नाही. अमेरिकन घरांच्या भिंती आतून पोकळ असतात, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंत वाजवत आणि यजमानासमोरच निकाल देत.

त्यांच्या लेखी जगात दोनच पदार्थ होते, पुठ्ठा आणि दगड. इथला ब्रेड पुठ्ठा, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज पुठ्ठा, त्यांचा बॉस तर साफ भिजलेला पुठ्ठा. दगड ही पदवी क्वचित मिळे. एकदा आमच्याकडे जेवताना संदीपच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "तू दगड आहेस लेका, दगड." संदीप दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. सुमन काकूंनी केलेल्या भाकरीलाही त्यांनी हाच शब्द वापरला होता, आणि तो कौतुकाचा आहे हे काकूंना लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही पटलेलं नव्हतं.

मला गाडी शिकवायची जबाबदारी काकांनी आपण होऊन घेतली. संदीपनं दोन धडे दिले होते आणि त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. काका मात्र शांत. शेजारी बसून सूचना देत, "लेफ्ट घे पोरी. आता सरळ. आता त्या मोठ्या झाडापाशी राइट." मी घाबरत घाबरत राइट घेई आणि गाडी एका ऑफिस पार्कच्या आवारात येऊन थांबे. काचेच्या इमारती, पार्किंग लॉट, त्यात हक्कानं फिरणारे कॅनडा गीज नावाचे मोठाले रानहंस, आणि लॉटच्या टोकाला, छोट्या टेकाडावर, एक काळपट दगडी चर्च.

"आता आलोच आहोत तं पाहून घेऊ," काका म्हणत.

चौथ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की पार्सिपनीतले सगळे रस्ते त्या चर्चला जात नाहीत, फक्त काकांचे जातात. पॅरलल पार्किंग मी त्याच चर्चच्या भिंतीला धरून शिकले. एकदा बंपर भिंतीला टेकला. काका उतरले. त्यांनी आधी भिंत पाहिली, मग बंपर पाहिला आणि सगळ्यात शेवटी मला विचारलं, "तू बरी आहेस ना?"

त्या चर्चचा इतिहास मी काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतही सांगू शकेन. मूळचं ते इंग्लंडातल्या एका खेड्याचं, पार मध्ययुगातलं. खेड्याचं नाव काका दर वेळी वेगळं उच्चारत, म्हणून ते मी देत नाही. मेंढ्यांच्या लोकरीवर जगणारं गाव. गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहून ते बांधलं. मग साथ आली, निम्मं गाव गेलं. उरलेल्यांना जमीनदारानं हुसकून लावलं, कारण माणसं ठेवण्यापेक्षा मेंढ्या ठेवलेल्या परवडतात असा हिशोब त्यानं केला. घरं मातीत मिळाली आणि चर्च तेवढं कुरणात एकटं उभं राहिलं.

"पाद्री नाही, लोक नाही, कोणी नाही," काका सांगत. "मेंढ्या आत येऊन बसून राहिल्या. शेकडो वर्षं, पोरी. छत गेलं, पण भिंती पडल्या का? नाही पडल्या. काऊन?" इथे ते थांबत. "दगड," हे उत्तर मी द्यायचं असे.

पुढे न्यू जर्सीतला एक बटणांचा कारखानदार नव्या बायकोला घेऊन इंग्लंडात हिंडत असताना तिला ते ओसाड चर्च दिसलं. ती म्हणाली, किती गोड आहे. कारखानदारानं ते विकत घेतलं. एकेक दगड सुटा केला, प्रत्येकावर रंगानं नंबर घातला, खोक्यांत गवत भरून ते बोटीनं आणले आणि आपल्या बंगल्यामागच्या टेकाडावर पुन्हा जुळवून उभे केले. बायको काही रविवार तिथे गेली, आत फार गारठा आहे म्हणाली आणि पुढे कॅलिफोर्नियात राहायला गेली ती परत आली नाही. बंगला पाडून ऑफिस पार्क झालं. चर्च उरलं, कारण ते कसं पाडायचं याचा कुणी विचारच केला नाही.

"दोन देशात दोनदा टाकून देल्लं," काका म्हणत. ते स्वतःच खोक्यात बसून त्याच बोटीनं आले असावेत असा त्यांचा सूर असे. प्रत्यक्षात जवळचा एक पूल तपासत असताना ते बाथरूम शोधत तिथे शिरले होते. बाथरूम नव्हतं. डोरोथीबाई होत्या.

डोरोथीबाई गावच्या हौशी इतिहास मंडळाच्या सेक्रेटरी. वय ऐंशीच्या आसपास, पायात पांढरेशुभ्र स्नीकर्स, गळ्यात चर्चची किल्ली. शनिवारी त्या चर्च उघडून बसत आणि कुणी आलंच तर माहिती सांगत. बहुतेक शनिवारी फक्त काकाच येत. काकांना त्या 'मिस्टर मेश' म्हणत. काका आत शिरले की त्यांच्याशी बोलायच्या आधी भिंती वाजवत आणि समाधानानं मान डोलवत. इथला निकाल दर वेळी एकच लागे.

आता खिडकीकडे येते. उत्तरेच्या भिंतीत, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, पाटीएवढी एक खिडकी होती. भिंत हातभर जाड, आणि खिडकी त्यातून सरळ आरपार न जाता तिरकी गेलेली. ती कशासाठी याबद्दल जाणकारांत एकमत नाही, असं डोरोथीबाई प्रामाणिकपणे सांगत. कुणी म्हणतं घंटेसाठी, कुणी म्हणतं दिव्यासाठी. काकांचं मात्र एकमत होतं. ज्यांना आत घ्यायचं नाही अशा लोकांसाठी ती होती. महारोगी, गावाबाहेर ठेवलेले, ज्यांची सावली नको असे. त्यांनी बाहेर गवतात गुडघे टेकायचे आणि त्या तिरक्या भोकातून आतला देव तेवढा पाहायचा.

"आत यायचं नाही, पण पाह्यची परवानगी," काका म्हणाले.

मी मान हलवली. ही व्यवस्था मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घरातही आजी-आजोबांच्या अशा गोष्टी सांगतात, फक्त त्यांत खिडकीसुद्धा नाही.

पण काकांचं खरं दुखणं वेगळंच होतं. ती खिडकी चुकली होती. त्यांनी एका शनिवारी काकूंच्या अमेरिकन केरसुणीचा लांब दांडा गाडीत टाकून आणला, बाहेर पोटावर झोपून तो खिडकीतून आत सरकवला आणि मला आतून पाहायला लावलं. दांड्याचं टोक वेदीकडे जायला हवं होतं. ते भलतीकडेच, समोरच्या भिंतीतल्या दाराकडे रोखलं गेलं होतं.

"उलटी लावली!" बाहेरून काकांचा आवाज आला. "कॉन्ट्रॅक्टर, पोरी. कॉन्ट्रॅक्टर सगळीकडं सारखेच."

मग अंगावरचं गवत झटकत त्यांनी मला दगडांवरचे पुसट आकडे दाखवले. डाव्या बाजूचे दगड उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे लागले होते. न्यू जर्सीतल्या गवंड्यांना ही खिडकी कशासाठी हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते एक भोक होतं, त्यांनी ते बसवून टाकलं. गेली कित्येक वर्षं तिथून पाहणाऱ्याला देवाऐवजी दार दिसत होतं आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

ती खिडकी सुलटी करून घेणं, हे काकांचं जीवितकार्य झालं. दोन वर्षं ते इतिहास मंडळाच्या मागे लागले. मंडळातले सगळे सभासद निवृत्त आणि सावध. ते कॉफी पीत, मिस्टर मेशचं ऐकून घेत आणि विषय पुढच्या सभेवर टाकत. काका पेपर नॅपकिनवर आकृत्या काढत. आमच्या घरी जेवायला आले की वरणभाताच्या आळ्यात बोटानं तिरकी वाट काढून खिडकीचा कोन दाखवत. संदीप तेवढा वेळ पाणी आणायला उठे.

आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात काकांकडे आभारप्रदर्शन होतं. न्यू जर्सीतली आपली मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमलेली, भाषणं संपलेली, मागे जेवणाचे ट्रे उघडलेले. काकांनी आभार मानले आणि खिशातून स्लाइड्सची डबी काढली. "फक्त पाच मिनिटं," म्हणाले. उत्तरेची भिंत झाली, पूर्वेची झाली, दगडावरचा नंबर जवळून झाला, लांबून झाला. शेवटी मागून एक तरुण इंजिनियर वैतागून म्हणाला, "काका यार, आपला ह्या चर्चशी काय संबंध?"

काकांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "संबंध नाही. पण चूक दिसली तं सांगाले नको का?" आणि पुढची स्लाइड लावली. ती नेमकी केरसुणीची होती.

आणि एके दिवशी मंडळानं होकार दिला. ऑक्टोबरात जुन्या दगडी कामाचा एक गवंडी येणार, खिडकी उकलून दगड नंबरांप्रमाणे लावणार. शिवाय बाजूला एक छोटी पितळी पाटी: ही चूक मधुकर मेश्राम यांनी शोधली. काकांनी नागपूरहून आलेली संत्रा बर्फी मंडळात वाटली. डोरोथीबाईंनी एक तिथे खाल्ली आणि दोन रुमालात बांधून घेतल्या. परतताना गाडीत काका मला म्हणाले, "वीस वर्षं झाले या देशात बोलून राहिलो. पहिल्यांदा कोणी ऐकलं बघ." ते हसत होते. पण ऑफिसात त्यांच्या रिपोर्टांवर दुसऱ्याची सही जाते, हे मला काकूंनी सांगितलेलं होतं.

त्याच उन्हाळ्यात काकांची आई आली. इतकी वर्षं "तुमच्या पुठ्ठ्याच्या घरात मी काय करू" म्हणून तिनं यायचं नाकारलं होतं; म्हणजे हा शब्द काकांच्या पत्रांतून तिकडे पोचला होता. बारीक चणीच्या, पांढरं लुगडं नेसणाऱ्या, तोंडानं अत्यंत फटकळ आजी. मला पाहताच म्हणाल्या, "शिकली-सवरली पोरगी, आन् घरी काऊन बसली?" व्हिसाचे नियम सांगितले तर म्हणाल्या, "मंग सायबाले विचार ना." मला त्या फार आवडल्या.

त्यांची एकच गोष्ट विचित्र होती. त्या कुणाच्याही दारात थांबत. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी "या आजी, या" म्हणून पाणी आणायला आत गेले, परत आले तर आजी अजून बाहेर, कॉरिडॉरमध्ये, भिंतीला अंग चोरून उभ्या.

"त्याइले दोनदा सांगा लागते," काकू हळूच म्हणाल्या. "आमच्या घरी पण. पोराच्या घरी पण दोनदा."

दुसऱ्यांदा "या" म्हटलं की आत येत आणि दाराजवळच्या खुर्चीत, चपलांशेजारी बसत. आम्ही त्यांना इंडियन ग्रोसरीत नेलं. तिथलं दार आपोआप उघडणारं. ते उघडलं, आजी थांबल्या. बंद झालं. पुन्हा उघडलं, तेव्हा आजी आत गेल्या. दारानंसुद्धा दोनदा बोलावलं, असं म्हणून आम्ही हसलो, आजीही हसल्या. काका हसले नाहीत. ते दाराची चौकट वाजवून पाहत होते.

मी एकदा आजींना विचारलंच. त्या मेथी निवडत होत्या. "आमच्या गावात देवळाच्या भिंतीबाहेर उभं राहा लागे," त्या म्हणाल्या. "माय म्हणे, बोलावल्याबिगर पाय टाकू नको, आन् एकदा बोलावलं तं ऐकण्यात चूक झाली असंन, दुसऱ्यांदा बोलवू दे. तो देव तं मी कधीचाच सोडला, दीक्षा घेतली तवाच. मले काय करायचं त्याच्या देवळात? पण दीक्षा मी घेतली, पायाइनं नाही घेतली." आणि जुडीतली पिवळी पानं माझ्याकडे ढकलून म्हणाल्या, "हे काढ. तुमच्या इथं मेथी पण पुठ्ठाच भेटते."

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही आजींना चर्च दाखवायला नेलं. मला लायसन्स मिळालेलं होतं, त्यामुळे गाडी माझ्या हातात. काका शेजारी, काकू आणि आजी मागे, केरसुणीचा दांडा सगळ्यांच्या मधून आडवा. काका इतके उत्तेजित झाले होते की राइट घे म्हणायचंही विसरले. मी न सांगता घेतला. डोरोथीबाईंनी दार उघडून ते मिटू नये म्हणून दगड लावून ठेवला होता आणि त्या आत बाकावर विणत बसल्या होत्या.

काकांनी आईला दाराकडे नेलंच नाही. सरळ वळसा घालून उत्तरेच्या बाजूला, खिडकीपाशी. आपण कशाचा शोध लावला ते आईला आधी कळायला हवं होतं. आजी गवतात बसल्या. गुडघ्याएवढी उंची, त्यांना अगदी नेमकी आली. कपाळावर हात धरून त्यांनी आत पाहिलं.

"माय, गावात ज्याइले घेत नव्हते ना, ते इथं बसत," काका सांगू लागले. "इथून त्याइले तिथला देव दिसे. पण इथल्या लोकाइनं हे उलटं लावलं. म्हणून आता देव दिसत नाही. ऑक्टोबरात मी हे सुधारून घेऊन राहिलो."

आजी बराच वेळ पाहत राहिल्या.

"मधू, यातून तं दार दिस्ते," त्या म्हणाल्या.

"हाव ना. तेच तं चूक आहे."

"चूक काऊन?" आजी म्हणाल्या. "दार उघडं आहे."

काका दांडा हातात घेऊन तसेच उकिडवे राहिले. आजी जमिनीला हात टेकून उठल्या. लुगड्याला लागलेलं गवत झटकलं आणि एक हात चर्चच्या भिंतीला लावून चालू लागल्या. मी त्यांच्या मागे जायला निघाले तर काकूंनी माझा दंड धरला. आजी कोपऱ्यावरून वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

काका पोटावर झोपले आणि त्यांनी खिडकीला डोळा लावला. मला आतलं दिसत नव्हतं, मला फक्त काकांची पाठ दिसत होती. ती अगदी हलायची थांबली. मी वाट पाहत होते की आता आजी दारात थांबतील, आणि आत डोरोथीबाई आहेत, आजींना दोनदा बोलवायचं असतं हे त्यांना कुठे ठाऊक. कुणाचाही बोलावल्याचा आवाज आला नाही. नुसता आजींच्या चपलांचा फरशीवर आवाज आला, मग तो आतून, खिडकीतून यायला लागला.

"मधू," आतून आजी म्हणाल्या, "इकडं चांगलं गार आहे. तू काऊन बाहेर बसला?"

काका चेहरा त्या दगडाला टेकवून तसेच पडून होते.

त्यानंतर आजी लगेच बदलल्या वगैरे काही झालं नाही. पुढच्याच आठवड्यात ग्रोसरीच्या दारात त्या पुन्हा थांबल्या. काका मात्र गप्प झाले. जेवताना वरणभातात वाटा काढेनात. आणि सप्टेंबरात, इतिहास मंडळाच्या सभेला मला घेऊन गेले. काय सांगायचं आहे ते त्यांनी गाडीत सांगितलं नाही.

सभेत कॉफी झाली. काका उभे राहिले आणि त्यांच्या त्या ठासून बोलायच्या इंग्रजीत म्हणाले की खिडकीचं काम रद्द करावं. ती आहे तशीच राहू द्यावी.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. डोरोथीबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "पण मिस्टर मेश, तुमचं बरोबर होतं. आम्ही सगळ्यांनी दांडा घालून पाहिला."

"बरोबर होतं," काका म्हणाले. "तरी राहू द्या."

"पण का?"

काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग ज्या शब्दांत ते पुलांबद्दल बोलत त्याच शब्दांत म्हणाले, "माय मदर टेस्टेड इट. इट वर्क्स."

पाटीचं काय करायचं असं एकानं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, चुकीवर कुणाचं नाव लावायचं नसतं. डोरोथीबाई जुलैतल्या त्या शनिवारी आत बाकावरच होत्या; आजींना आत येताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या विषयाकडे वळू या, असं म्हटलं.

येताना मी गाडी चालवत होते. वीस वर्षांत एकदा कुणीतरी या माणसाचं ऐकलं होतं, आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं परत दिलं. मला भरून आलं. सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबूनच राहिले आणि मागच्यानं हॉर्न वाजवला.

"चाल पोरी," काका म्हणाले. "आन् सिग्नलले रडत नको जाऊ. लायसन्स जाईन."

आजींचं विमान त्याच आठवड्यात होतं. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या निरोप घ्यायला आल्या. मी पोळ्या लाटत होते. बेल वाजली नाही. दाराशेजारच्या भिंतीवर दोन टकटक आवाज आले आणि मी ओळखलं, काका आले. पिठाच्या हातानं दार उघडलं.

दारात आजी होत्या. एक बोट अजून भिंतीवर, कान भिंतीला लावलेला.

"पुठ्ठाच आहे वं माय," त्या मला म्हणाल्या, आणि मी "या" म्हणायच्या आत चप्पल काढून माझ्या बाजूनं सरळ घरात गेल्या. दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलंही नाही. थेट आतल्या सोफ्यावर जाऊन बसल्या आणि संदीपला विचारू लागल्या, "काय रे, हिच्या नोकरीचं सायबाले विचारलं का नाही?"

मागे कॉरिडॉरमध्ये काका उभे होते. हातात संत्रा बर्फीची पिशवी. भिंत त्यांनी वाजवली नव्हती. उंबऱ्यापलीकडेच थांबून, मान जरा तिरकी करून, ते माझ्या खांद्यावरून आत पाहत होते.

"या ना काका, आत या," मी म्हटलं. ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "काका, या ना."

"येतो," काका म्हणाले. "जराक इथूनच पाहू दे. माय आत बसून राहिली."